किडलिंग्टनला न पोचलेले विमान

लंडनच्या पश्चिमेला, मेडनहेडजवळ, व्हाइट वॉल्थमचा विमानतळ आहे. विमानतळ कसला, हिरवेगार मैदानच, धावपट्ट्यासुद्धा गवताच्या. इंग्लंडच्या मुक्कामात एका रविवारी मी तिथे कुंपणाशी उभा होतो. हौशी मंडळी छोटी विमाने घेऊन उडत होती, फेरफटका मारून उतरत होती. दुसऱ्या महायुद्धात इथेच ‘एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलिअरी’चे मुख्यालय होते. नवी, दुरुस्त झालेली विमाने हवाई दलाच्या तळांवर पोचवायची आणि पावती घ्यायची, हे तिचे काम. आयुष्यभर बँकेत रोकड इकडून तिकडे पोचवताना पाहिलेल्या माणसाला ते चटकन समजले. आठवली ती याच संघटनेतली ॲमी जॉन्सन.

ती १९०३ साली हल शहरात मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मली. अर्थशास्त्राची पदवी घेऊन लंडनला वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट झाली. विमान चालवायला शिकली, इंजिन खोलायलाही शिकली. ५ मे १९३० रोजी ती एकटीच ऑस्ट्रेलियाला निघाली. (त्याच दिवशी उत्तररात्री आपल्याकडे गांधीजींना कराडी येथे अटक झाली होती.) वाटेत पेट्रोल संपत आले म्हणून झाशीला कवायतीच्या मैदानात उतरावे लागले, पंख मोडला. तो दुरुस्त करून ती २४ मे रोजी डार्विनला पोचली. जगभर नाव झाले. पुढे वैमानिक जिम मॉलिसनशी लग्न झाले आणि १९३८ साली मोडलेही.

१९४० मध्ये ही जगप्रसिद्ध बाई विमाने पोचवण्याच्या कामाला लागली. पगार पुरुषांपेक्षा एक पंचमांश कमी. समान वेतन मिळाले १९४३ साली; तोवर ती राहिली नव्हती. विमानात रेडिओ नसे. नकाशा आणि खालची जमीन, एवढाच आधार.

५ जानेवारी १९४१ रोजी ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला एक विमान न्यायचे होते. हवा वाईट होती, तरी ती निघाली. दीड तासाचा प्रवास. पण चार तासांनी ती भलतीकडेच, टेम्सच्या मुखाशी, हर्न बेजवळच्या गोठणाऱ्या पाण्यात पडली. हेरगिरीपासून आपल्याच तोफांच्या माऱ्यापर्यंत किती कहाण्या निघाल्या! कादंबरीकाराला मोह पडावा अशाच. मला मात्र ढग आणि रिकामी होत आलेली टाकी पुरेशी वाटते.

हॅसलमिअर या जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी तिच्यासाठी पाण्यात उडी घेतली. थंडीने त्यांचाही जीव गेला. ॲमीचा देह सापडलाच नाही. डार्विन गाठणारे तिचे ‘जेसन’ मात्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये छताला टांगलेले आहे.