छात्रालयातले साने गुरुजी

साने गुरुजी म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते ती ‘श्यामची आई’. त्यांचा तुरुंगवास आणि पंढरपूरचे उपोषणही आपण शाळेत शिकलो. पण पांडुरंग सदाशिव साने या माणसाने हायस्कुलात शिक्षकाची नोकरी केली ती अवघी सहा वर्षे! तरीही ‘गुरुजी’ हेच नाव त्यांना जन्मभर पुरले. असे त्या सहा वर्षांत काय घडले असेल?

२४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे त्यांचा जन्म झाला. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले. शिक्षणाची हौस दांडगी आणि घरात पैशाची चणचण. दापोलीची शाळा सुटली. औंध संस्थानात गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे कळल्यावर ते तिकडे गेले. तेथेही फार दिवस राहता आले नाही. अखेर पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून १९१८ साली ते मॅट्रिक झाले. त्याच्या आदल्याच वर्षी आई गेली होती. परक्या गावात अर्धपोटी शिकणाऱ्या मुलाला काय वाटते, हे त्यांना पुस्तकात वाचावे लागले नाही.

बी.ए. झाल्यावर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते खानदेशात अमळनेरला आले आणि १९२४ साली तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. स्वभाव मुळात लाजरा. चार मोठ्या माणसांत बोलायचा त्यांना संकोच वाटे. परंतु मुलांत गेले की हा माणूस खुलत असे.

छात्रालय म्हटले की आपल्याला घंटा, हजेरी आणि दंड एवढेच आठवते. गुरुजींची रीत निराळी होती. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर ते न बोलता आवरून ठेवीत, मळके कपडे धुऊन टाकीत. आजारी मुलाच्या उशाशी बसत. रागावण्यापेक्षा याचाच परिणाम अधिक होई. आपली खोली गुरुजींनी झाडली हे पाहिल्यावर कोणता मुलगा दुसऱ्या दिवशी केर तसाच ठेवील?

त्यांचा सर्वांत मोठा उपक्रम म्हणजे ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक. दैनिक, म्हणजे रोज! दिवसभर वर्गात शिकवायचे, मुलांचे सारे पाहायचे आणि त्यातून वेळ काढून स्वतःच्या हाताने अंक लिहायचा. थोरामोठ्यांची चरित्रे, देशातल्या घडामोडी, गोष्टी, विचार असे नाना प्रकार मुलांना त्यात वाचायला मिळत. पाठ्यपुस्तकाबाहेरचे जग रोज त्यांच्या दाराशी येत होते. पुढे १९२८ साली गुरुजींनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले आणि छात्रालयाच्या भिंतीआड चाललेले हे काम बाहेरच्या मुलांपर्यंत पोचले.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी नोकरीचा राजीनामा दिला. ज्यांच्यावर जीव लावला ती मुले सोडून जाणे त्यांना सोपे गेले नसेल. पण मुलांना देशभक्तीच्या गोष्टी सांगून आपण मागे राहावे, हे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

मला मात्र वाटते, गुरुजींनी शाळा सोडली तरी छात्रालय सोडले नाही. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील राजबंदी भेटले, तर त्यांच्या भाषेशी नाते जोडून त्यांनी ‘कुरल’ मराठीत आणला. भारतातल्या भाषांनी एकमेकींना ओळखावे या ‘आंतरभारती’च्या कल्पनेचे मूळ तेथेच आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती एखाद्या मन लावून शिकणाऱ्या विद्यार्थ्यासारखी गुरुजींनी उतरून घेतली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. त्या पुस्तकाची रचना आठवा. संध्याकाळची प्रार्थना झाली आहे, मुले भोवती जमली आहेत आणि श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो आहे. हे छात्रालयच नव्हे काय?

१९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले. दहा दिवसांच्या उपोषणानंतर ती दारे उघडली. आपल्या पंगतीतले कोणी बाहेर उभे राहू नये, हीच त्यामागची तळमळ होती. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. पण गांधीजींच्या हत्येने ते आतून मोडले होते. स्वातंत्र्यानंतरचे चित्रही त्यांच्या मनातले नव्हते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. शेकडो मुलांचे अश्रू पुसणाऱ्या या माणसाच्या उशाशी त्या वेळी कोणी बसले असते तर, हा प्रश्न मनातून जात नाही.

आपल्या वाशीम जिल्ह्यातील खेड्यातल्या एका हायस्कुलात मी शिकलो. शनिवारी बालसभा असे आणि वर्षातून एकदा हस्तलिखित निघे. आमच्या घरात आधी कोणी हायस्कूल पाहिले नव्हते. आठवीत असताना माझा ‘आमचा बैल’ हा निबंध हस्तलिखितात लागला. बाबांना वाचता येत नाही. ते शाळेत आले, कोणते पान माझे ते विचारले आणि त्यावर बराच वेळ हात ठेवून उभे राहिले. पोराला शिकवावे हे त्यांनी त्या दिवशी पक्के केले, असे आई सांगते.

म्हणून मित्रांनो, बालसभा, हस्तलिखित, कथामाला यांना कोणी फावल्या वेळचा उद्योग म्हटले तर मला पटत नाही. परीक्षेत त्यांना गुण नसतील. पण ज्याच्या घरी पुस्तक नाही, त्याला आपल्यालाही काही सांगता येते हे तेथेच प्रथम कळते. उद्या आपल्यातील कितीतरी जण शिक्षक होतील. तेव्हा वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला एक कोरा कागद द्यायला विसरू नका. गुरुजींची आठवण ठेवण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी दिसत नाही.