अमेलिया इअरहार्ट : पॅरिसऐवजी कुरण



अमेलिया इअरहार्टचा जन्म २४ जुलै १८९७ रोजी कॅन्सस राज्यातील अ‍ॅचिसन या गावी झाला. डिसेंबर १९२० मध्ये कॅलिफोर्नियात ती पहिल्यांदा विमानात बसली आणि विमान चालवायला शिकायचेच असे तिने ठरवले. नेटा स्नूक या स्त्री वैमानिकाकडे तिने धडे घेतले. पुढे बॉस्टनच्या डेनिसन हाउस या संस्थेत ती परदेशांतून आलेल्या कुटुंबांना इंग्रजी शिकवीत असे.

१९२८ साली तिने विमानातून अटलांटिक महासागर ओलांडला, पण विमान दुसऱ्यांनी चालवले होते. आपण सामानासारखे नुसते बसून आलो, हे तिला सलत राहिले.

म्हणून २० मे १९३२ रोजी न्यूफाउंडलंडमधील हार्बर ग्रेसहून ती एकटी निघाली. विमान होते लाल रंगाचे, एकाच इंजिनाचे लॉकहीड व्हेगा. काही तासांतच उंची दाखवणारे यंत्र बिघडले. अंधारात, ढगांत, समुद्र किती खाली आहे हेच कळेना. वर जावे तर विमानावर बर्फ साचे. खाली यावे तर लाटांवर आदळण्याची भीती. एकदा तर विमान गरगरत खाली आले, ते तिने कसेबसे सावरले. तशात इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा सांधा तडकला आणि त्यातून ज्वाळा दिसू लागल्या. पुढे तिच्या बैठकीपाशी पेट्रोलही गळू लागले. एकीकडे आग, दुसरीकडे पेट्रोल!

तिला पॅरिस गाठायचे होते. पाच वर्षांपूर्वी लिंडबर्ग तिथेच उतरला होता. पण बिघडलेल्या विमानापुढे हट्ट चालत नाही, हे तिने ओळखले. आयर्लंडचा किनारा दिसताच रेल्वेचे रूळ धरून ती विमानतळ शोधू लागली. तो सापडेना, तेव्हा लंडनडेरीजवळ कलमोर येथे तिने गाईंचे एक कुरण निवडले आणि विमान सुखरूप उतरवले. प्रवासाला सुमारे १५ तास लागले. अटलांटिक एकटीने विमानातून पार करणारी ती पहिली स्त्री ठरली. पॅरिस राहिले, म्हणून तिचे यश कमी झाले नाही.

१९३७ साली ती पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. वाटेत कराची व कलकत्त्यालाही उतरली. २ जुलैला फ्रेड नूनन या सोबत्यासह न्यू गिनीतील लाए येथून ती पॅसिफिकमधील हाऊलंड या चिमुकल्या बेटाकडे निघाली. बेटाजवळच्या जहाजावर तिचा आवाज ऐकू येत होता, पण जहाजावरचे बोलणे तिला ऐकू जात नव्हते. बेट सापडले नाही आणि या वेळी खाली दुसरे कुरणही नव्हते. पुष्कळ शोध घेऊनही दोघांचा पत्ता लागला नाही.

ते लाल विमान वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाने जपून ठेवले आहे. पालकांनी तिकडे गेल्यास मुलांना ते अवश्य दाखवावे.

मुलांनो, ठरवलेले ठिकाण सोडून वेळीच खाली उतरायला धैर्य लागते का? घरी आई-बाबांशी बोला आणि पाच ओळी मराठीत लिहून आणा. निवडक लेखन आम्ही पुढच्या अंकात छापू.