केडगावची साधना

पावित्र्य म्हटले की मठ, एकांत आणि संसारत्याग यांचेच चित्र मनासमोर उभे राहते. ख्रिस्ती समाजही या समजुतीपासून सर्वस्वी मुक्त नाही. परंतु पावित्र्याची खरी कसोटी प्रार्थनेच्या घटकेपेक्षा दिवसभराच्या कामात लागते, हे ज्यांनी आपल्या आयुष्याने दाखवून दिले, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. त्याला शतक उलटून गेले. तरी त्यांच्या धर्मांतराचा वाद आपल्याला जितका ठाऊक आहे, तितके त्या धर्माचे त्यांनी केलेले आचरण ठाऊक नाही.

१८५८ साली गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या रमाबाईंना धर्मजिज्ञासेचे बाळकडू घरातच मिळाले. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत हिंडले. पुढे दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. रमाबाई आणि बंधू श्रीनिवास पायी भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी त्यांचा गौरव केला. १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. तान्ही मनोरमा घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला आणि १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे त्यांचा शोध संपला असे मानणे मात्र चूक ठरेल. चर्चचे अधिकारी सांगतील ते निमूटपणे मान्य करण्याचा त्यांचा पिंड नव्हता. आपल्या ख्रिस्ती गुरुजनांशीही त्यांनी निर्भयपणे वाद घातला. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त अद्याप गवसला नाही, ही जाणीव पुढे कित्येक वर्षांनी त्यांना झाली आणि तिची कबुली देण्यास त्या लाजल्या नाहीत.

१८८९ साली मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. धर्माबाबत तटस्थतेच्या भरवशावर मुली पाठविणाऱ्यांचा रोष निराधार होता, असे आम्ही म्हणणार नाही. आपली श्रद्धा दाराआड कोंडून ठेवणे रमाबाईंना शक्य नव्हते, हेही तितकेच खरे.

त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. लहानपणीची उपासमार आठवणाऱ्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ति सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्यांना दोन वेळ जेवू घालायचे, तर नुसत्या भक्तीने भागत नाही. विहिरी खणाव्या लागल्या, शेती करावी लागली, माग चालवावे लागले. कोणी स्वयंपाक करी, कोणी गाईगुरे सांभाळी, कोणी छापखान्यात खिळे जुळवी. आंधळ्यांसाठी आणि समाजाने पतित म्हणून दूर लोटलेल्या स्त्रियांसाठी निराळी सदने झाली. या व्यापात प्रार्थना आणि काम यांच्या सीमा पुसल्या गेल्या.

संस्कृतने जिला पंडिता केले, तिनेच अखेरच्या काळात संस्कृतप्रचुर भाषा बाजूस सारून अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशा साध्या मराठीत बायबल उतरविले. त्यासाठी उतारवयात हिब्रू व ग्रीकचा अभ्यास केला. १९२१ साली मनोरमेचा मृत्यू झाला. एकुलत्या कन्येच्या वियोगानंतरही काम सोडले नाही. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रकाशित झाला.

रमाबाईंच्या धर्मांतराविषयी मतभेद होते व पुढेही राहतील. परंतु ज्यांना घरात ठाव उरला नव्हता, अशा हजारो जणींना त्यांनी अन्न, अक्षर आणि हाताला काम दिले. पावित्र्याचा याहून भक्कम पुरावा कोणत्याही धर्माच्या अनुयायाजवळ मागता येणार नाही. आणि याहून कमी पुराव्यावर कोणी समाधान मानू नये.