रविवार कुणाचा?

रविवारी आम्ही निवांत उठतो. पण नारायण मेघाजी लोखंडे आम्हाला आठवत नाहीत. ही कृतघ्नता झाली. १८४८ साली ठाण्यात जन्मलेले लोखंडे मुंबईच्या गिरणीत स्टोअरकीपर झाले. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबणारा कामगार त्यांनी जवळून पाहिला. फुले यांचा सत्यशोधक विचार त्यांच्या अंगी होताच. कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेले आणि बंद पडलेले ‘दीनबंधू’ त्यांनी १८८० साली मुंबईत पुन्हा उभे केले. बहुजनांची दुःखे बहुजनांच्याच पत्रात छापून येऊ लागली. १८८४ साली त्यांनी कामगारांना संघटित केले. साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारदरबारी गेले : आठवड्याला एक सुट्टी, दुपारी विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई. १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी नाभिक बांधवांनाही उभे केले. १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच ते गेले.

२००५ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले. तिकिटाने ऋण फिटत नाही. ऊसतोड मजुराला आजही रविवार नाही. त्याची बातमी मोठी पत्रे छापणार नसतील, तर ती आपणच छापली पाहिजे. लोखंड्यांनी तेच केले होते.