परळचे हाफकिनसाहेब

आमच्या देवगाव रंगारीच्या परिसरातील वृद्ध मंडळींना पटकी हा शब्द अजूनही उच्चारवत नाही. त्यांच्या आज्या-पणज्यांच्या काळी पहिला पाऊस पडून विहिरींत गढूळ पाणी उतरले की जुलाब-उलट्यांची साथ उठे. सकाळी औत धरलेला गडी दिवस मावळता खांद्यावरून न्यावा लागे. मग लोक मरीआईचा गाडा सजवून वेशीबाहेर, म्हणजे शेजारच्या गावाच्या शिवेत, लोटून देत. आणि शेजारचे गाव तो आणखी पुढे लोटी. गाड्याबरोबर साथही पुढे सरके, हे मात्र खरे. कारण गाड्यामागून माणसे चालत आणि माणसांच्या पोटातून जंतू चालत. त्या भाबड्या लोकांना हसावे असे आम्हांस वाटत नाही. ज्यांच्या हाती दुसरा उपाय नव्हता त्यांनी तो केला. दुसरा उपाय ज्याने शोधला, त्या पुरुषाचे चरित्र यंदा आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. तो मुलूख तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता, आणि झारच्या राज्यात यहुदी म्हणून जन्मणे हाच एक अपराध मानला जाई. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना गुरू लाभले ते इल्या मेच्निकॉफ. पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे मेच्निकॉफ ते हेच. शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी असतात, ही गोष्ट त्यांनी जगाला दाखविली. सन १८८१ मध्ये यहुद्यांची घरे लुटण्यासाठी जमाव चालून आला, तेव्हा तरुण हाफकिन त्यांच्या रक्षणास उभे राहिले; जखमी झाले, आणि तुरुंगातही पडले. गुरूंनी रदबदली करून त्यांना सोडविले. पुढे विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्याजोगी त्यांची योग्यता होती, पण त्यासाठी धर्म बदलावा लागणार होता. हाफकिनांनी ती अट मान्य केली नाही. आम्ही स्वतः ख्रिस्ती आहोत, तरी नोकरीच्या लोभाने केलेल्या धर्मांतरास आमच्या मनात कधीच किंमत नव्हती. म्हणून त्यांचा हा नकार आम्हांस त्यांच्या शोधांइतकाच मोलाचा वाटतो.

देश सोडून ते १८८८ साली जिनेव्हास गेले आणि १८८९ साली पॅरिसला पाश्चर संस्थेत पोहोचले. मेच्निकॉफ तेथे आधीच आले होते. परंतु संशोधकाची जागा रिकामी नव्हती. रिकामी होती ती ग्रंथालयातली. हाफकिनांनी ती पत्करली. कामातून जो वेळ उरे तो ते प्रयोगशाळेत घालवीत.

त्या वेळी युरोपात पुन्हा पटकी शिरली होती. पटकीचा जंतू स्वल्पविरामासारखा वाकडा असतो, आणि १८८४ साली जर्मन पंडित कॉख यांनी कलकत्त्याच्या तळ्यांतून व रोग्यांच्या आतड्यांतून तो ओळखून काढला होता. हाफकिनांनी तो जंतू गिनीपिगांच्या पोटाच्या पोकळीतून एकापाठोपाठ एक असा एकोणचाळीस वेळा फिरविला, तेव्हा त्याचा जोर पुष्कळ पटींनी वाढला. दुसरीकडे उष्ण हवेत वाढवून त्याचा जोर कमी केला. आधी मवाळ जंतू टोचावा, काही दिवसांनी जहाल टोचावा, म्हणजे शरीर शत्रूला ओळखू लागेल, अशी त्यांची कल्पना होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली, आणि थोड्याच दिवसांत ते पूर्ववत कामाला लागले.

येथे गुरूंचा एक प्रसंग सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. त्याच सुमारास मेच्निकॉफ यांनी पटकीचे जंतू चक्क प्यायले, आणि त्यांना काहीही झाले नाही! दुसऱ्या एका साहाय्यकाने प्यायले. तोही धडधाकट राहिला. तिसरा मात्र मरणाच्या दारातून परत आला. जंतू तोच, मग तिघांची गती निराळी का? मेच्निकॉफ यांनी असा तर्क केला की, प्रत्येकाच्या आतड्यात पूर्वीपासून नांदणारे जे असंख्य जंतू असतात, त्यांतील काही पटकीच्या जंतूला थारा देत नाहीत, तर काही त्याला हात देतात. दह्यातील जंतू आयुष्य वाढवितात असे त्यांचे जे प्रसिद्ध मत, त्याचे एक मूळ या प्रसंगात आहे. ते मत त्यांनी अंमळ ताणले, हे कबूल केले पाहिजे. ते स्वतः १९१६ साली एकाहत्तराव्या वर्षी वारले. परंतु मूळ तर्क आज शास्त्राने उचलून धरला आहे. आतड्यातील रहिवासी जंतू उपऱ्यांना जागा व अन्न मिळू देत नाहीत, आणि आतड्याच्या भिंतीतील रक्षक पेशींना जणू तालीम देत राहतात. त्या रक्षकांना दोन कामे एकाच वेळी करावी लागतात: शत्रूला अडवायचे आणि रहिवाशांना सांभाळून घ्यायचे. हा विवेक सुटला आणि ते आपल्याच रहिवाशांवर तुटून पडले की आतड्याला सूज येते, व्रण पडतात, आणि वर्षानुवर्षे न हटणारे दुखणे मागे लागते.

गुरूंनी प्रश्न आतड्यात शोधला, शिष्याने उत्तर रक्तात शोधले. पण लस खरी की खोटी हे ठरवायला पटकीच्या मुलखातच जाणे भाग होते. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसला ब्रिटिश वकील होते. त्यांच्या साहाय्याने हाफकिन १८९३ च्या मार्चमध्ये कलकत्त्यास उतरले. लोक साशंक होते. प्रथम दगड पडले, मग हळूहळू दंड पुढे झाले. सन १८९४ मध्ये कलकत्त्याच्या कट्टलबागान वस्तीत सुमारे दोनशे माणसांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. पुढे तेथे पटकी उद्भवली. दहा जणांना लागली, सात दगावले, आणि ते सारे न टोचलेल्यांपैकी होते. हाफकिनांची पद्धत ध्यानात घेण्याजोगी आहे. एकाच घरातील, एकाच विहिरीचे पाणी पिणारी टोचलेली व न टोचलेली माणसे ते शेजारी शेजारी मोजीत. तुलनेवाचून पुरावा नाही, हे आम्ही आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत वारंवार सांगतो आणि मुले तितक्याच वारंवार विसरतात.

सन १८९६ मध्ये मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, उसळला. सरकारने हाफकिनांना तिकडे धाडले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली व एक पडवी, एक कारकून व तीन शिपाई, एवढाच त्यांचा सरंजाम होता. हिंदू-मुसलमानांच्या भावना दुखावू नयेत म्हणून त्यांनी बकऱ्याच्या मांसाच्या रसात जंतू वाढविले, आणि वर तुपाचे थेंब सोडले. जंतू त्या थेंबांना लोंबकळत झुंबरांसारखे वाढत. मग उष्णतेने त्यांना मारून लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तीही प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी आपखुशीने पुढे आले, आणि टोचलेल्यांत रोग फारच थोड्यांना झाला. आगाखान यांनी स्वतः लोकांसमक्ष टोचून घेऊन अनुयायांची भीती घालविली व आपली वास्तूही कामासाठी दिली. याच साथीत पुण्यास रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. तेथे सोजिरांकडून चाललेल्या घरझडत्यांनी लोक संतापले होते. अशा दिवसांत हाफकिन कोणावर बळजबरी करीत नव्हते, ही गोष्ट लहान नव्हे. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली.

आणि मग आघात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मलकवाल गावी १०७ जणांस टोचण्यात आले, त्यांतील १९ जण धनुर्वाताने मेले. ते सर्व एकाच बाटलीतील लस टोचलेले होते. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला, आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. वास्तविक बाटली उघडतेवेळी तेथील साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. हे चौकशीत पुढे येऊनही त्याला वजन दिले गेले नाही. मेलेली एकोणीस माणसे कोणाची तरी आईबापे, लेकरे होती. त्यांचा शोक खोटा नव्हता. पण शोकाला कोणी तरी अपराधी हवा असतो, आणि परदेशी, यहुदी, वैद्यकीची पदवी नसलेला मनुष्य त्यासाठी सोयीचा ठरला, असे आमचे मत आहे. जवळजवळ पाच वर्षे ते लंडन-पॅरिसमध्ये आपली बाजू मांडीत राहिले. अखेर १९०७ साली रोनाल्ड रॉस आदी नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात त्यांची निर्दोषता जाहीरपणे प्रतिपादिली. सरकारने त्यांना पुन्हा बोलाविले. परंतु परळ नव्हे, कलकत्ता दिले, आणि नवी लस माणसांवर पारखून पाहण्याची मोकळीक काही मिळाली नाही. १९१४ साली ते निवृत्त होऊन युरोपास गेले. विवाह त्यांनी केला नाही. उत्तरायुष्य आपल्या धर्माच्या आचारात व्यतीत केले, संचित धन यहुदी पाठशाळांस दिले, आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे देह ठेवला. तत्पूर्वी १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले होते.

त्यांची पटकीची लस परिपूर्ण नव्हती. टोचणीने रक्तात प्रतिकारद्रव्ये उत्पन्न होत, पण पटकीचा जंतू रक्तात शिरतच नाही. तो आतड्याच्या अस्तरास चिकटून तेथेच विष सोडतो. हे विष १९५९ साली कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी दाखवून दिले. त्या विषाने शरीरातील पाणी व क्षार आतड्यात धो धो वाहू लागतात. म्हणून टोचणीचा प्रभाव काही महिन्यांत ओसरे. आतड्याच्या अस्तरावर पाझरणारी स्वतंत्र प्रतिकारद्रव्ये असतात, आणि ती जागी करावयाची तर औषध तोंडावाटे जाणे उत्तम, हे पुढे उमगले. टोचणीची लस मागे पडली आणि मेलेल्या जंतूंची, प्यावयाची लस आली. २००६ साली तिची मोठी परीक्षा झाली तीही कोलकात्याच्या दाट वस्त्यांतूनच. दंड पुढे करण्याऐवजी तेथील माणसांनी या खेपेस नुसते तोंड उघडले, आणि चमचाभराहून कमी औषध गिळून ती आपापल्या कामास गेली.