शंकेतून उदयास आलेले गीतारहस्य

मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस, गीताजयंतीच्या पुण्यपर्वणीस, आम्हांस लोकमान्य टिळकांचे स्मरण होते. १८७२ साली वडील गंगाधरपंत अखेरच्या दुखण्याने अंथरुणास खिळले असता लोकमान्य त्यांस गीतेवरील प्राकृत टीका वाचून दाखवीत. वय अवघे सोळा. तेव्हाच शंका उद्भवली. कुरुक्षेत्रावर धनुष्य टाकून बसलेल्या अर्जुनास युद्धास प्रवृत्त करणाऱ्या ग्रंथात ज्ञानाने वा भक्तीने मोक्ष कसा मिळेल, याचेच विवेचन काय म्हणून? पूर्वाचार्यांविषयी आदर असूनही त्यांच्या भाष्यांनी समाधान होईना. यास आम्ही अश्रद्धा म्हणणार नाही. अर्जुनाने तरी भगवंतापुढे शंकाच मांडली होती!

१९०८ साली राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. तेथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले. ज्ञानप्राप्तीनंतरही कर्म सोडू नये, निष्काम बुद्धीने लोकसंग्रहार्थ ते करीतच राहावे, असा गीतेचा निर्णय त्यांनी मांडला. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्या. ती वार्ता त्यांस तुरुंगातच कळली. १९१४ च्या जूनमध्ये सुटका झाली, परंतु वह्या सरकारने लगेच दिल्या नाहीत. त्या हाती आल्यावर १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला.