चिंतामणराव देशमुख

चिंतामणराव देशमुखांचे नाव निघताच आम्हां दिल्लीकर मराठी मंडळींना १९५६ सालचा राजीनामा आठवतो. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. परंतु त्यांची १९५९ सालची भूमिकाही तितकीच स्मरणीय आहे.

रायगड जिल्ह्यातील नाते येथे १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मंत्र्यांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांच्या चौकशीसाठी कायमस्वरूपी स्वतंत्र न्यायाधिकरण नेमावे, अशी त्यांनी जाहीर मागणी केली. ते नेमल्यास आपल्याजवळील माहिती सादर करण्याची तयारीही दर्शविली. पंडित नेहरूंनी ती सूचना स्वीकारली नाही. १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. मंत्री मात्र त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. लोकपालाचा कायदा होण्यास २०१३ साल उजाडले. चिंतामणराव १९८२ सालीच निवर्तले होते.

एका व्यक्तीच्या सचोटीवर राज्यकारभार विसंबून चालत नाही. तक्रार ऐकणारे निःपक्षपाती न्यायासनही लागते. सरकारी नोकरीनिमित्त राजधानीत आलेल्या आमच्यासारख्या अनेक कुटुंबांनी त्यांच्या चरित्रातून घ्यावयाचा बोध हाच, असे आम्हांस वाटते.